घरच्या घरी पहिला ऐतिहासिक झगा शिवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिलाच पोशाख आहे. कोणत्या काळापासून सुरुवात करू?

१८०० ते १८१० च्या आसपासचा युरोपीय झगा घ्या. कंबर थेट छातीखाली, तिथून सरळ उतरणारा घेर, आखूड बाह्या, गळ्याला आणि छातीखाली नाडी. अशा झग्यांचं बरंचसं फिटिंग नाडीवरच चालतं, त्यामुळे माप दोनेक सेंटिमीटर इकडेतिकडे झालं तरी नाडी ते सांभाळून घेते. छातीखालून कापड अंगाला चिकटत नाही. म्हणजे कंबर, पोट, नितंब यांची मापं जुळवण्याची निम्मी कटकट आधीच संपली.

याहून सोपं काही हवं असेल तर १७८० च्या दशकातला मलमलीचा सैल झगा आहे. तो म्हणजे जवळजवळ एक मोठी पिशवीच, गळ्याशी आणि कंबरेशी नाड्यांनी आवळलेली, वर रुंद पट्टा बांधलेला. १७८३ मध्ये एलिझाबेथ विजे ल ब्रँ हिनं फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिचं अशा झग्यातलं चित्र पॅरिसच्या प्रदर्शनात मांडलं, तेव्हा राणी नुसत्या आतल्या कपड्यांत आहे अशी ओरड झाली आणि चित्र काढून घ्यावं लागलं. शिकाऊ माणसाच्या दृष्टीनं त्या झग्याची मोठी सोय म्हणजे जवळपास सगळे तुकडे सरळ रेषेत कापता येतात.

डोळ्यांपुढे असतो तो बहुधा १८६० च्या सुमाराचा प्रचंड घेराचा झगा, किंवा पाठीवरून रुंद निऱ्या सोडलेला १७६० चा रेशमी फ्रेंच झगा. दोन्ही सुंदर आहेत, पण घट्ट चोळी, आतला सांगाडा, ढीगभर कापड हे सगळं एकाच वेळी अंगावर येतं. अर्ध्यात सोडून दिलेले पोशाख बहुतेक याच जातीचे असतात. ते दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला घ्या.

थेट झगाच शिवायला घेतला तर चालेल ना? आतले कपडे कुणाला दिसणार आहेत?

दिसणार नाहीत, पण झगा कसा दिसेल ते तेच ठरवतात. जुन्या पोशाखाचा आकार आतून बाहेर येतो. छाती किती उंचावर बसते, कंबरेची रेष कुठे पडते, घेर पायांत गुंडाळतो की फुगून राहतो, हे सगळं वरचा झगा अंगावर चढण्याआधीच ठरून गेलेलं असतं. उत्तम शिवलेला झगा आजच्या साध्या अंतर्वस्त्रांवर घातला तर तो नाटकातल्या भाड्याच्या कपड्यासारखा लोंबतो. उलट आतली तयारी नीट असेल तर सुमार शिवलेला झगाही बरा दिसतो.

१८०५ च्या पोशाखाला तीन आतले कपडे लागतात. पहिली शेमीज, म्हणजे अंगालगतचा सैल, गुडघ्याइतका कपडा. दुसरं छातीला आधार देणारं काहीतरी. तिसरा परकर. या परकराला खांद्यावरून पट्टे किंवा छोटी बिनबाह्यांची चोळी जोडलेली असते, कारण कंबर छातीखाली असल्यावर नुसता नेफ्याचा परकर तिथे टिकत नाही, घसरत खाली येतो. ही गोष्ट चित्रांत दिसत नाही, त्यामुळे नवखे लोक ती हमखास विसरतात.

शिवण्याचा क्रमही हाच: शेमीज, आधार, परकर, आणि मग झगा.

शेमीज कशी बेतायची? पॅटर्न लागतो का?

लागत नाही. शेमीज चौकोन आणि त्रिकोण यांतूनच निघते. अंगाला एक लांब पट्टा, खांद्यावर दुमडलेला. खाली घेर वाढवायला दोन्ही बाजूंना त्रिकोणी कळ्या. दोन चौकोनी बाह्या. काखेत साधारण १० ते १२ सेंटिमीटर बाजूचा एकेक चौकोनी तुकडा, तिरका बसवलेला. हात मोकळा हलतो तो या तुकड्यामुळे.

कळ्या वेगळ्या कापडातून काढायच्या नसतात. पट्ट्याच्या वरच्या भागातून दोन्ही कडांना जो तिरका तुकडा सुटतो तोच उलटा करून खाली जोडायचा, म्हणजे चिंधीसुद्धा वाया जात नाही. कापड हातमागावर विणलं जाई, महाग असे आणि शिवणारे हात त्या मानानं स्वस्त होते. त्या काळच्या कपड्यांच्या बेतात दिसणाऱ्या अनेक गोष्टींमागे हाच हिशेब आहे आणि तो पुढेही सारखा भेटेल.

११० सेंटिमीटर पन्ह्याचं (म्हणजे रुंदीचं) सव्वादोन ते अडीच मीटर कापड पुरतं. मूळ कपडा बहुधा लिननचा असे. मऊ सुती कापडानंही काम भागतं. गळा मात्र झग्याच्या गळ्यापेक्षा खोल ठेवा, नाहीतर ती वरून डोकावते.

कॉर्सेट घालायलाच हवा का? श्वास कोंडतो म्हणतात.

१८०५ च्या झग्यासाठी लांब कॉर्सेटची, म्हणजे छाती-कंबर आवळून धरणाऱ्या ताठ पट्ट्यांच्या आतल्या चोळीची, गरज नाही. त्या वेळी आखूड, छातीपुरते आधारही वापरात होते. पहिल्या खेपेला तेही टाळायचं असेल तर आजच्याच ब्राचे खांदापट्टे चांगले आवळून घ्या. छातीची पातळी खांदा आणि कोपर यांच्या साधारण मध्यावर आली पाहिजे. आजच्या सवयीपेक्षा ही जागा बरीच वर आहे आणि सुरुवातीला विचित्र वाटते, पण ती साधली नाही तर छातीखालच्या रेषेला बसायला जागाच उरत नाही.

१८ व्या शतकातला किंवा व्हिक्टोरियन झगा करायचा असेल तर मात्र पळवाट नाही. तिथे चोळी अंगावर बसत नाही, कॉर्सेटवर बसते. श्वास कोंडण्याच्या गोष्टी बऱ्याच अंशी चुकीच्या मापाच्या कॉर्सेटच्या आहेत. नीट मापाचा कॉर्सेट पाठीला आधार देतो आणि जड परकरांचा भार कंबरेत रुतू देत नाही. बायका त्यात दिवसभर कष्टाची कामं करत.

घरी करायचा असेल तर आत घालायला मुळात देवमाशाच्या तोंडातल्या लवचीक पट्ट्या वापरत. आज त्यांच्या जागी प्लॅस्टिकच्या तशाच पट्ट्या मिळतात. वायरी बांधायच्या जाड, रुंद केबल टायसुद्धा चालतात. टोकं कापून कानशीनं गोल घासा, नाहीतर ती कापड फाडून बाहेर येतात.

कापड कोणतं घ्यावं?

या झग्यासाठी मलमल. अंगावर पडण्याची ढब, पारदर्शकपणा, बारीक चुण्या घेण्याची तयारी यात तिला तोड नाही. शिवाय ती ऐतिहासिकदृष्ट्याही चोख बसते, कारण १८ व्या शतकाच्या अखेरीस युरोपातल्या श्रीमंत बायका जी तलम मलमल मिरवत होत्या, तिच्यातली सर्वांत नावाजलेली ढाक्याकडून जात होती. तलम मलमल निसरडी वाटली तर कॅम्ब्रिक, म्हणजे जरा घट्ट विणीचं सुती कापड, घ्या. कापायला आणि शिवायला ती जास्त शांत असते.

फुलाफुलांचं छापील सुती कापड घ्यायची इच्छा असेल तर तेही बिनधास्त घ्या, फक्त नक्षी लहान आणि विरळ असू द्या. हिंदुस्थानी छिटांनी युरोपाला इतकं वेड लावलं की फ्रान्सनं १६८६ पासून १७५९ पर्यंत त्यांच्यावर बंदी घातली होती. इंग्लंडनंही १७२१ च्या कायद्यानं छापील सुती कापड वापरायला मनाई केली आणि ती १७७४ मध्ये उठवली. बंदी असतानाही लोक ते नेसत होतेच, हे वेगळं सांगायला नको.

पॉलिएस्टर टाळा. दिसण्याचा मुद्दा आहेच: त्याच्या चुण्या फुगतात, दाबून बसत नाहीत. पण मुख्य त्रास गरमीचा. तीन-चार थर अंगावर असताना हवा न खेळणारं कापड अर्ध्या तासात नकोसं होतं. कापडाबद्दल शंका असेल तर दोन-तीन धागे चिमट्यात धरून जाळून पाहा. सूत आणि लिनन कागदासारखं जळतं आणि मऊ राख उरते, रेशमाला केस जळाल्याचा वास येतो, पॉलिएस्टर वितळून कडक गोळी होते.

मेणबत्त्यांच्या उजेडात फोटो काढायचे आहेत. काही काळजी?

हो. खोट्या, बॅटरीच्या मेणबत्त्या वापरा. तलम सुती कापड झटकन पेट घेतं, सिंथेटिक वितळून कातडीला चिकटतं, आणि रुंद घेर आपल्या नजरेबाहेर फिरत असतो. कवी लाँगफेलो यांची पत्नी फॅनी १८६१ मध्ये अंगावरच्या झग्यानं पेट घेतल्यामुळेच दगावली.

रंग? सगळं मातकट आणि फिकट असायला हवं ना?

अजिबात नाही. संग्रहालयातले कपडे उडालेल्या रंगांचे असतात म्हणून असा समज होतो. विल्यम पर्किन यांनी १८५६ मध्ये पहिला कृत्रिम जांभळा रंग काढला. त्याआधीही नीळ, मंजिष्ठा आणि किरमिजी यांतून झळझळीत निळे, लाल, गुलाबी रंग मिळत. हिरवा बहुधा पिवळ्यावर निळा चढवून केला जाई. टाळायचे ते निऑन छटांचे रंग. १८०५ साठी पांढरा हा सर्वांत सुरक्षित, आणि फॅशनमध्येही तोच पुढे होता.

कापड किती लागेल?

मध्यम उंचीच्या व्यक्तीला ११० सेंटिमीटर पन्ह्याचं साडेचार ते पाच मीटर. हिशेब असा: छातीखालून घोट्यापर्यंतची लांबी अधिक दुमड धरून साधारण १.२० मीटर. तशा दोन उभ्या लांब्या पुढच्या आणि मागच्या पाटासाठी, तिसरीतून बाजूच्या कळ्या, आणि उरलेल्या मीटरभरात चोळी, बाह्या, नाड्या. परकराला वेगळं तीनेक मीटर धरा.

जुन्या झग्यांना बारा-पंधरा मीटर रेशीम लागे असं वाचून घाबरू नका. त्या रेशमाचा पन्हा जेमतेम ५० ते ५५ सेंटिमीटर असे.

शिवण्याआधी कापड धुवायचं का?

हो. पुढे जसं धुणार तसंच धुवा, वाळवा, दमट असतानाच इस्त्री करा. सूत आणि लिनन आटतं, आणि ते शिवून झाल्यावर आटलं तर नाडीसुद्धा काही करू शकत नाही.

पॅटर्न कुठून आणायचा? तयार घ्यावा की स्वतः काढावा?

तयार पॅटर्न घ्या, पण पाकिटावरचं चित्र पाहून भुलू नका. रंगमंचाच्या वेशभूषेसाठी काढलेल्या पॅटर्नमध्ये आत पाहिलंत तर तो आजचाच ड्रेस निघतो: पाठीला झिप, खांद्याची शिवण अगदी माथ्यावर, छातीला आधुनिक डार्ट (आकार देणारी शिवलेली चिमटी). मूळ कपड्यांच्या मापांवरून काढलेले पॅटर्न वेगळे दिसतात. त्यांत खांद्याची शिवण मागे, पाठीवर उतरलेली असते. पाठ अरुंद असते आणि बाह्या बऱ्याच मागे सरकून बसतात. या तीन खुणा तपासा आणि मगच घ्या.

मापांनुसार छापलेले कागदी पॅटर्न ही तशी अलीकडची सोय. अमेरिकेत एबेनेझर बटरिक यांनी ते १८६३ मध्ये विकायला सुरुवात केली. त्याआधी झगे शिवणाऱ्या बायका अस्तराचं कापड गिऱ्हाइकाच्या अंगावरच टाचण्यांनी बसवत आणि तिथल्या तिथे कापत. मदतीला कुणी असेल तर तुम्हीही तसं करू शकता. आतले कपडे घालून उभं राहायचं, मदतनीसानं पाठीवर आणि छातीवर कापड लावायचं, शिवणींच्या रेषा खडूनं आखायच्या. एकट्यानं हे जमत नाही, विशेषतः पाठ.

मापं कशी घ्यायची?

आतले कपडे घालून. एवढं पाळलंत तर निम्म्या अडचणी येणारच नाहीत. छाती, छातीखालचा घेर, पाठीची रुंदी, मानेपासून छातीखालच्या रेषेपर्यंत मागून आणि पुढून वेगवेगळी लांबी, दंडाचा घेर, आणि छातीखालून जमिनीपर्यंत. शेवटचं माप झग्याखाली घालणार त्याच चपला-बूट घालून घ्या.

मांजरपाटाचा कच्चा नमुना खरंच करायला हवा का? कंटाळा येतो.

घेराचा करू नका, बाह्यांचा एकच करा, चोळीचा मात्र चुकवू नका. चोळीला जेमतेम अर्धा-पाऊण मीटर मांजरपाट लागतं आणि लांब टाक्यांनी ती तासाभरात होते. अंगावर चढवा आणि सुरकुत्या वाचा. तिरकी सुरकुती जिकडे रोख धरते तिकडे कापड कमी पडतंय. आडवी घडी पडली तर तिथे लांबी जास्त आहे. उभी सैल घडी म्हणजे रुंदी जास्त.

शिवणीत दोन ते अडीच सेंटिमीटर माया ठेवा, म्हणजे उसवून सैल करता येतं. जुळलं की नमुना उसवा, इस्त्री करा आणि तोच कापायचा पॅटर्न म्हणून वापरा. कापड मऊ असेल तर तेच अस्तर म्हणून झग्यात घालायलाही हरकत नाही.

मशीन वापरली तर ते खोटं ठरेल का?

१८०५ ला मशीन नव्हतीच. एलायस हाउ यांचं पेटंट १८४६ चं, आयझॅक सिंगर यांचं १८५१ चं, आणि घरोघरी मशीन पोचायला १८६० चं दशक उजाडलं. म्हणजे १८७० चा झगा मशीनवर शिवणं अगदी रास्त, १८०५ चा काटेकोर बोलायचं तर हाताचा. पण पहिल्या पोशाखात लांब, आतल्या, न दिसणाऱ्या शिवणी मशीनवर मारा आणि दिसणारं सगळं, म्हणजे गळा, हेम (खालची दुमडलेली कड), बाह्यांच्या कडा, हातानं करा. तीन फुटांवरून कुणालाही फरक कळत नाही. मलमलीसाठी मशीनला ६० किंवा ७० नंबरची नवी सुई लावा, जाड सुई कापड ओढून चुण्या पाडते.

संपूर्ण हातशिलाईला भिऊ मात्र नका. जुन्या झग्यांच्या आत डोकावलं तर पाहणारा चकित होतो, कारण घेराच्या लांब शिवणींचे टाके बऱ्याचदा मोठे आणि घाईचे असतात. पुढे झगा उसवून नव्या फॅशनचा करायचा असे, मग बारीक टाके घालून आपल्याच हातानं काम कशाला वाढवायचं? शेमीज वारंवार धुतली जाई, म्हणून तिचे टाके बारीक आणि घट्ट. कारागीर आपली मेहनत जिथे गरज तिथेच खर्च करत होते.

हातानं शिवायला कोणते टाके यायला हवेत?

चार. धावदोरा लांब शिवणींना आणि चुण्यांना. उलटी टीप जिथे ताण येतो तिथे, म्हणजे मुंढा (बाही जोडायची गोल जागा) आणि चोळीच्या बाजू. हेम कडा दुमडायला. आणि दोन दुमडलेल्या कडा जोडणारा तिरका टाका, जो काठावरून दोरा गुंडाळत जातो. लांब शिवणीत धावदोऱ्याच्या चार-पाच टाक्यांनंतर एक उलटी टीप घाला, म्हणजे एका जागी दोरा तुटला तरी सगळी शिवण उसवत नाही.

दोरा हातभर लांबीचाच घ्या आणि मेणावरून ओढून घ्या. मग तो गुंतत नाही, झिजत नाही. बोटाला अंगुस्तान घालायची सवय पहिल्या दिवशीच लावा. सुरुवातीला बोट अवघडतं, पण तासभर शिवल्यावर भोकं पडलेल्या बोटापेक्षा ते बरं.

झगा नेमक्या कोणत्या क्रमानं जोडायचा?

आधी चोळी. पाठीचे तुकडे अस्तरासह जोडा. पुढचा भाग म्हणजे एक साधा आयत, रुंदीला पुढच्या मापाच्या दीडपट, कारण तो गळ्याला आणि छातीखाली नाडीनं आवळायचा आहे. त्यालाही आतून अस्तर असू द्या, पण मापाचं, बिनचुण्यांचं. ताण अस्तर सोसतं, वरचं कापड फक्त छान दिसतं. मग बाजूच्या आणि खांद्याच्या शिवणी. इथे थांबून अंगावर घालून पाहा.

मग बाह्या. त्यानंतर घेराचे पाट आणि कळ्या जोडा आणि मागच्या पाटाला मधोमध उभी चीर ठेवा, साधारण २०-२५ सेंटिमीटर, नाहीतर झगा खांद्यांवरून उतरणार नाही. चिरेच्या तळाला दोन-चार पक्के टाके घाला, ती हमखास तिथून फाटते.

आता या झग्याचं खरं मर्म: घेराचा पुढचा भाग जवळजवळ सपाट बसतो, आणि सगळं जादा कापड पाठीमागे, मधल्या वीतभर जागेत चुण्यांनी कोंबायचं. चुण्या सर्व बाजूंनी सारख्या वाटल्यात तर पोटापुढे फुगवटा येतो आणि पोशाख ओळखू येईनासा होतो. चुण्यांसाठी धावदोऱ्याच्या दोन समांतर ओळी घाला, एकीचे टाके दुसरीच्या बरोबर खाली. दोन्ही दोरे एकदम ओढले की चुण्या कंगव्यानं विंचरल्यासारख्या उभ्या राहतात. मग प्रत्येक चुणी चोळीच्या दुमडलेल्या कडेला तिरक्या टाक्यानं धरा. हे काम सावकाश होतं आणि या अख्ख्या पोशाखातलं सर्वांत समाधानाचं आहे, निदान माझ्या मते.

शेवटी गळ्याचा आणि छातीखालचा नेफा, नाड्या आणि हेम. नेफा ६ ते ८ मिलिमीटरच रुंद ठेवा. रुंद नेफा आवळला की दोरखंडासारखा दिसतो. प्रत्येक शिवणीनंतर इस्त्री. ही सवय नसेल तर बाकी सगळं चोख करूनही काम हौशी दिसतं.

हात वर केला की अख्खा झगा वर येतो. बाही सैल करू का?

नको, त्यानं उलट बिघडेल. मुंढा खूप खाली कापला गेलाय. तो काखेत जितका वर, जितका लहान, तितका हात मोकळा. आजच्या सैल कपड्यांची सवय असल्यानं हे पटायला जड जातं. मुंढा वर भरून घ्यायला काखेत जोड द्या. बाहीच्या माथ्यावरच्या चुण्या खांद्याच्या मागच्या अंगाला जास्त, पुढे कमी ठेवा, म्हणजे हात पुढे करायला पाठीत जागा मिळते.

झिप लावू का?

नको. कपड्यांच्या फॅशनमध्ये झिप १९३० च्या दशकात आली. मागे गळ्याला आणि छातीखाली नाड्या बांधा, मध्ये हवं तर एखादा हुक. आतून पुढचं अस्तर टाचण्यांनी बंद करणंही त्या काळाला धरूनच आहे. कॉर्सेट करत असाल तर धातूच्या रिंगा १८२० च्या दशकाआधीच्या पोशाखावर नकोत. दाभणानं भोक पाडून कडेनं दोऱ्याचे टाके घाला.

कापड कमी पडलं. आता?

जोड द्या. बाहीच्या कोपऱ्यात, कळीच्या टोकाला, पाठीच्या पाटाला, कुठेही. मूळ कपड्यांत असे जोड सर्रास सापडतात, अगदी उंची रेशमातसुद्धा, आणि कधीकधी समोरच्या बाजूला ढळढळीत. फक्त उभा धागा उभ्या धाग्याला जुळवा. खरं तर जोड असलेला झगा जास्त अस्सल दिसतो.

मला तरी १८६० चाच झगा हवा आहे. त्याचा घेर चित्रातल्यासारखा कसा येईल?

बरं. मग आधी सांगाडा. पोलादी कड्यांचं क्रिनोलिन १८५६ मध्ये आलं. त्याआधी तोच फुगारा आणायला बायका सहा-सहा परकर एकावर एक घालत, त्यामुळे ते पिंजऱ्यासारखं प्रकरण त्यांना हलकं वाटलं यात नवल नाही. त्यावर निदान एक परकर हवा, नाहीतर कड्यांच्या रेषा वरून उमटतात. घेर खाली चार मीटरच्या आसपास धरा. लांबी मापताना खालची कड सरळ ठेवून फरक वर, कंबरेत काढणं सोयीचं जातं.

चोळी आणि घेर वेगळे शिवा. तेव्हाही एकाच घेरावर दिवसाची बंद गळ्याची आणि रात्रीच्या समारंभाची उघड्या खांद्यांची, अशा दोन चोळ्या असत. तुमचा पहिला पोशाख आपोआप दोन होईल.

किती अचूक असायला हवं? कुणी चुका काढल्या तर?

ते कुठे घालणार त्यावर आहे. संग्रहालयातल्या प्रात्यक्षिकाला एक मोजपट्टी, हौशी फोटोला दुसरी. अभ्यासासाठी लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन आणि क्योतोची पोशाख संस्था यांचे संग्रह ऑनलाइन मोफत पाहता येतात. रंगवलेल्या चित्रांपेक्षा प्रत्यक्ष कपड्यांच्या फोटोंवर विश्वास ठेवा. चित्रकार शिवणी गाळतात आणि कंबरा बारीक करतात. पाठीचा फोटो असेल तर आधी तो पाहा. आणि कार्यक्रमात न विचारता चुका सांगणाऱ्याला स्वतःच्या बाहीचा मुंढा दाखवायला सांगा.

वेळ किती लागतो?

मशीनची मदत घेऊन, शेमीज आणि परकरासकट, शनिवार-रविवार धरून महिना-दीड महिना. पूर्ण हातानं केलंत तर त्याच्या तिप्पट तरी.

धुवायचा कसा?

सुती झगा गार पाण्यात, हातानं, न पिळता. वाळवताना नाड्या सोडून आडवा पसरा. रेशमी असेल तर धुऊच नका. डाग तेवढा टिपा आणि घातल्यावर सावलीत हवेवर टाका. जुन्या काळीही घाम शेमीज टिपून घेई आणि धुतली जाई तीच.

कार्यक्रम परवा आहे आणि हेम, हुक सगळं राहिलंय!

हेम लांब धावदोऱ्यानं घाला. मलमलीच्या चुण्यांत ते कुणाला दिसणार नाही आणि नंतर सवडीनं नीट करता येईल. हुकांच्या जागी साध्या सरळ टाचण्या लावा. १८ व्या शतकात कितीतरी झगे पुढून रोज टाचण्यांनीच बंद केले जात. टाचणी आडवी लावा, आतल्या थरातून घालून टोक पुन्हा कापडात बाहेर काढा, म्हणजे बसताना टोचत नाही. सेफ्टी पिनही चालेल, पण तिचं पेटंट १८४९ चं आहे, तेव्हा ती दिसणार नाही अशी आतून लावा.